स्वस्त पाटी, महाग पाटी

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी भिशीचे दहा हजार रुपये रुमालात बांधून आणले आणि म्हणाल्या, "काका, पोरगी अकरावीला गेली. तिला टॅब्लेट घ्यायचाय. तुम्ही दुकानात संगती चला. मी एकटी गेले तर कायतरी गळ्यात मारतील."

मी गेलो. दुकानदाराने काचेच्या कपाटावर तीन पाट्या मांडल्या. (टॅब्लेटला मी पाटीच म्हणतो, आकार तोच, आणि हातातून निसटून फुटण्याची खोडही तीच.) पहिली सहा हजारांची, नाव कधी न ऐकलेले. दुसरी नावाजलेल्या कंपनीची, तेरा हजारांची. तिसरी पस्तीस हजारांची; ती नुसती दाखवायला काढली होती. बंद असताना तिन्ही सारख्याच काळ्या, सारख्याच चकचकीत.

"मग फरक कशाचा?" बाईंनी विचारले.

प्रश्न साधा होता; पण याच प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे मोठमोठ्या कारखानदारांचे हात पोळलेले आहेत.

वहीएवढ्या संगणकाची कल्पना तशी जुनी. अॅलन के या अमेरिकन संशोधकाने ती १९७२ सालीच मुलांसाठी म्हणून मांडली होती. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने लेखणीने चालणारे टॅब्लेट बाजारात आले, पण ते जड आणि महाग. सामान्य गिऱ्हाईक तिकडे फिरकले नाही. बाजार खरा उघडला तो २७ जानेवारी २०१० रोजी. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड दाखवला. पाठीमागच्या पडद्यावर आधी ९९९ डॉलर हा जाणकारांचा अंदाज झळकवला, आणि मग तो आकडा फोडून खाली ४९९ चा आकडा आणला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

या ४९९ मध्ये एक मेख होती. तो भाव १६ गिगाबाइट साठवणीचा. ३२ हवी तर ५९९, ६४ हवी तर ६९९. वाढीव साठवणीची चिप काही शंभर डॉलरची नव्हती. खानावळीत ताट माफक ठेवून वरच्या वाटीला पैसे लावतात, त्यातलाच हा प्रकार.

पण ताट चांगले होते, हे कबूल केले पाहिजे. बोट फिरवावे तसे पान सरके, आणि आयफोनसाठी तयार असलेली बहुतेक सगळी अॅप्स पहिल्या दिवसापासून त्यावर चालत. प्रतिस्पर्ध्यांना भाव दिसला, हे दिसले नाही. पाम ही कंपनी १२० कोटी डॉलरना विकत घेतलेल्या एचपीने १ जुलै २०११ ला आपला टचपॅड आणला, भाव तोच ४९९. यंत्र मंद, अॅप्स मोजकी. आयपॅडच्या भावात आयपॅड मिळत असताना दुसरे कोण घेतो? १८ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या ४९ दिवसांत, एचपीने धंदाच गुंडाळला आणि उरलेला माल ९९ डॉलरला काढला. आणि काय चमत्कार! दुकानांपुढे रांगा लागल्या, पाहता पाहता साठे संपले. काच तीच, मंदपणा तोच. पाचशेला जो दोष असह्य होता तो शंभरात खपून गेला. दर्जा ही वस्तूच्या अंगची गोष्ट असे आपण समजतो. गिऱ्हाईक मात्र तो भावाशेजारी ठेवूनच मोजते.

अर्थात हा काही धंदा नव्हे. त्या पाटीच्या नुसत्या सुट्या भागांचाच खर्च जाणकारांनी तीनशे डॉलरच्या आसपास धरला होता.

मग स्वस्त विकून जगायचे कसे? त्याची युक्ती त्याच वर्षी अॅमेझॉनने दाखवली. किंडल फायर १९९ डॉलरला. कॅमेरा नाही, पडदा लहान, नफा जवळजवळ शून्य. नफा पुढे पुस्तकांत, चित्रपटांत, खरेदीत. २०१५ मध्ये तर त्यांनी फायर ४९.९९ ला आणून पाचांवर सहावा फुकट दिला, वांग्यांवर कोथिंबीर द्यावी तसा! पण त्या भावात पडद्यावर जाहिराती असत. त्या नको असतील तर १५ डॉलर जादा.

आपल्याकडे याहून धाडसी प्रयोग झाला तो 'आकाश'. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी तो विद्यार्थ्यांसाठी जाहीर केला. डेटाविंड कंपनीकडून सरकारला पडणारी किंमत सुमारे २,२७६ रुपये. अशा भावात पाटी, हे ऐकून जगाने माना वळवल्या. पण काटकसर नेमकी कुठे केली होती? पडदा दाबाने चालणारा होता. त्यात दोन थर एकमेकांपासून किंचित दूर असतात. दाबले की टेकतात आणि मग यंत्राला कळते. महाग पडद्याला बोटाच्या नुसत्या स्पर्शाने विजेत होणारा बदल कळतो. म्हणजे एकीकडे बोट फिरवायचे, दुसरीकडे नख रोवायचे. पुस्तकाचे पान उलटायला नख रोवावे लागले की मूल दहा मिनिटांत कंटाळते. पुढे आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारलेला 'आकाश २' ११ नोव्हेंबर २०१२ ला आला. त्यात स्पर्शाचा पडदा होता, मेंदूही वेगवान होता, आणि भाव जवळजवळ तोच! तरी पहिल्याची बदनामी पुसली गेली नाही. 'आकाश'ची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पायरी फार खालून घेतली, इतकेच.

आणि मग दोघांच्या भांडणात तिसराच शिरला. फोनच पाच-सहा इंचांचे झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. स्वस्त पाटीचे निम्मे काम खिशातला फोनच करू लागला. २०२० मध्ये शाळा घरात आल्या तेव्हा मात्र पाटीची पुन्हा आठवण झाली. महाग मालालाही खाली वाकावे लागले: ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,९०० रुपयांनी आलेला दहाव्या पिढीचा आयपॅड मे २०२४ मध्ये ३४,९०० वर उतरला.

दुकानात मी हे पुराण सांगितले नाही. बाईंनीच सहा हजारांच्या पाटीवर बोट ठेवले. काही होईना. पुन्हा ठेवले, तर दोन पाने एकदम उघडली.

"ही दमतेय हो," त्या म्हणाल्या.

दुकानदार हसला. "ताई, खरं सांगू? मला हिच्यावरच जास्त सुटतात. पण हिच्यातली अँड्रॉइड प्रणाली जुनी आहे, कंपनी ती सुधारून देणार नाही. बारावीला जाईपर्यंत कॉलेजचं अॅप चालेल याची हमी मी देत नाही. तेरावाल्याला निदान काही वर्षं नवी आवृत्ती मिळत राहील."

हा दर्जा बंद काचेत दिसत नाही, आणि खोक्यावर लिहिलाही नव्हता.

बाईंनी रुमाल सोडला, नोटा दोनदा मोजल्या आणि पुन्हा बांधल्या. तीन हजार कमी होते. मी पाकिटाला हात घातला तशा त्या चटकन म्हणाल्या, "नको काका. हप्त्यानं देतील का, ते विचारा." दुकानदाराने तीन हप्ते लिहून घेतले आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

शेवटचा हप्ता सप्टेंबरात फिटला. मुलगी दिवसा पाटीवर अभ्यास करते. रात्री दहानंतर ती पाटी आईच्या ताब्यात असते, मालिकांसाठी.