दंश बोटाला, धोका हृदयाला

भातकापणीच्या दिवसांत पेणजवळच्या गडबसारख्या गावी पेंढा उचलताना अनवाणी पायाच्या बोटाला विंचू चावणे नवे नाही. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण कोकणात जिवावर बेततो तो बहुधा लहानसा लाल विंचू. दंश बोटाला, मग हृदय का बिघडते?

विषाणूंमुळे हृदय कसे बिघडते ते आधी पाहू. कॉक्सॅकी-बीसारखा विषाणू हृदयाच्या स्नायूपेशींत शिरून त्यांना इजा करतो. शरीराच्या संरक्षक पेशी तिथे धावतात आणि स्नायूचा दाह होतो. हा मायोकार्डायटिस. त्रिनिदादमधील विंचूदंशाच्या रुग्णांवरील १९६३ सालच्या शोधनिबंधात हेच नाव वापरले होते.

रायगड जिल्ह्यातच महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि मग फुफ्फुसांत पाणी! ही निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

यामागचे कारण असे. विषामुळे चेतापेशींतील सोडियमच्या वाटा वेळेवर बंद होत नाहीत. चेतातंतू उत्तेजित राहतात, अ‍ॅड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात भरमसाट येतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. पाणी सोडलेली रबरी नळी चिमटून पाहा, मागे दाब वाढतो. तसा भार पेलताना हृदय थकते. स्नायूलाही इजा होते, पण ती विषाणूने पेशीत शिरून केलेली नसते.

कारण कळले की उपाय सुचतो. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध बावस्करांनी वापरले. १९८६ साली त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यापूर्वी फुफ्फुसांत पाणी भरलेल्या शंभर रुग्णांपैकी २५ ते ३० दगावत. पुढे हे प्रमाण एकावर आले. २०११ साली हिंमतराव व प्रमोदिनी बावस्करांनी ७० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनने ३५ पैकी ८.

वर्गात एवढे जरूर सांगावे : विंचू चावल्यावर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. घाम, उलट्या, थंड हातपाय दिसताच, किंबहुना त्याआधीच, आरोग्य केंद्र गाठावे. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. आणि पेंढ्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवून पाहावा, पायांत चपला असाव्यात.