रात्री दहालाही स्लॅब का भाजतो? उकाडा, एसी आणि छताची गोधडी

नवतपा तोंडावर आलाय आणि इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. अकोल्याच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट त्यातली नमुनेदार. तो म्हणतो, "दादा, रात्री दहाला गच्चीवर बरं वाटतं, खाली खोलीत आलो की भट्टी. एसी अठरावर आहे तरी पहाटेपर्यंत खोली गार होत नाही. आता दोन टनाचा घेऊ का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो: नको घेऊस. आधी डोक्यावरच्या छताचं बघ. का, ते आजच्या भागात. थोडा हिशेब आहे, पण शाळेतल्या गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

मे महिन्यात भर दुपारी, आकाश स्वच्छ असेल तर, आडव्या जागेवर दर चौरस मीटरला साधारण ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. १००० स्क्वेअर फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. म्हणजे त्या घटकेला तुमच्या घरावर ९० किलोवॅटच्या आसपास ऊर्जा ओतली जातेय. दीड टनाचा एसी खोलीतून किती उष्णता उपसतो? सव्वापाच किलोवॅट. भागाकार करा. सतरा एसी लागतील! अर्थात सगळं ऊन आत येत नाही. काही परत फेकलं जातं, काही वारा घेऊन जातो. पण काळवंडलेली, शेवाळ वाळून गेलेली गच्ची त्यातला मोठा वाटा पिऊन टाकते.

आणि पिऊन ठेवते कुठे? स्लॅबमध्ये. पाच इंची स्लॅब, १००० स्क्वेअर फूट, वजन काढलं तर २८ टनांच्या आसपास जातं. एवढं काँक्रीट दिवसभरात फक्त १५ अंशांनी तापलं तरी त्यात साधारण १०० युनिट उष्णता साठते. ती सगळी उपसायची म्हटली तर तोच दीड टनाचा एसी जवळपास वीस तास सलग चालवावा लागेल. साठलेल्यापैकी बराच भाग रात्री वर आकाशाकडे निघून जातो, हे आपलं नशीब. उरलेला खाली येतो.

येतो तोही उशिराने. वरचा पृष्ठभाग दुपारी तापतो, पण ती ऊब काँक्रीटमधून झिरपत खालच्या बाजूला पोचायला काही तास घेते. म्हणून सूर्य मावळतो, बाहेरची हवा हलकी होते, आणि नेमकं तेव्हा तुमचं सीलिंग सगळ्यात गरम असतं. अंथरुणावर पाठ टेकली की चेहऱ्यावर जी धग जाणवते ती हवेची नसते. ती छताकडून थेट अंगावर येणारी उष्णता असते, चुलीसमोर बसल्यावर लागते तशी. एसी हवा गार करतो, या धगीला तो अडवू शकत नाही. म्हणून रिमोटवर चोवीस दिसतं आणि तुम्हाला तीस वाटतं.

ही नुसती गैरसोयीची गोष्ट असती तर मी अख्खा एपिसोड केला नसता. उन्हाच्या लाटेत माणूस दुपारी तापतो, पण शरीराला सावरायला रात्र लागते. रात्रीही खोली उतरली नाही की म्हातारी माणसं, बाळं, बाळंतिणी, दिवसभर उन्हात काम केलेले मजूर, सगळ्यांचीच तब्येत ढासळत जाते. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले असा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. त्या धक्क्यातून तिथे २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा आला, आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायचं कामही सुरू झालं. आपलं नागपूर त्याच २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ ला टेकलं होतं. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये छतं थंड ठेवण्यासाठी वेगळं धोरणच काढलं. थोडक्यात, विषय चैनीचा नाही.

बरं, इन्सुलेशन म्हणजे नेमकं काय? बर्फगोळेवाल्याकडे बघा. भर उन्हात लादीवर तो गोणपाट गुंडाळतो, भुसा टाकतो. थंडीत आपण ज्या गोधडीने ऊब धरतो, त्याच जातीची गोष्ट तो बर्फ टिकवायला वापरतो. गोधडी गरमही करत नाही आणि गारही. ती उष्णतेला रस्ता देत नाही, बस. आणि हे काम कापड करत नाही, कापडात अडकलेली स्थिर हवा करते. थर्माकोल, फोम, रॉकवूल, एएसी ब्लॉक हे सगळे या ना त्या रूपात हवा कोंडण्याचेच प्रकार. आमच्याकडे जुन्या घरांवर कवेलूंच्या खाली तुराट्यांचे ताटे असायचे, त्यातही तेच चाललेलं असायचं, फक्त कुणी त्याला इन्सुलेशन म्हणत नव्हतं.

काँक्रीट या बाबतीत अगदी नापास आहे. त्यातून उष्णता थर्माकोलच्या चाळीसेक पट सहज जाते. दोन इंच थर्माकोल जेवढं अडवतो तेवढं अडवायला सात फूट जाडीचा स्लॅब लागेल. तेव्हा "आमचा स्लॅब चांगला जाड आहे" या वाक्यावर फार विसंबू नका. आणि ब्रिकबॅट कोबा? बरेच जण समजतात की कोबा केला म्हणजे उकाड्याचंही काम झालं. कोबा पाण्याला उतार द्यायला आणि गळती थांबवायला असतो. थोडाफार अडवतो उष्णता, नाही असं नाही, पण त्याच्या जिवावर मे महिना निघत नाही.

आता करायचं काय. माझा क्रम ठरलेला आहे: आधी ऊन परतवा, मग सावली, मग गोधडी.

परतवणं म्हणजे पांढरा रंग. नवीन पांढरा थर ऐंशी टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो, जुनं करडं काँक्रीट त्याच्या निम्मंही नाही. जी उष्णता स्लॅबमध्ये शिरलीच नाही तिला अडवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून हे पहिलं. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना, त्यात थोडा फेविकॉल. एक उन्हाळा निघतो, पावसात धुऊन जातो. कूल रूफचा रंग महाग पण काही वर्षं टिकतो. घेताना दुकानदाराला 'एसआरआय' किती ते विचारा. चांगल्या पांढऱ्या रंगाचा हा आकडा शंभरच्या आसपास असतो. दुकानदार नुसतं "भाऊ, एक नंबर माल आहे" म्हणाला तर डबा फिरवून स्वतः वाचा. कायमचं करायचं तर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा. आपल्या आजोबांच्या पिढीने हे केलेलंच आहे. आणि एक लक्षात ठेवा, पांढरं छत धुळीने काळं पडलं की काम कमी करतं. मार्च-एप्रिलमध्ये एकदा झाडू-पाणी मारा. चंद्रपूरवाल्यांनी दोनदा.

सावली म्हणजे गच्चीवर हिरवी जाळी. चालते, पण स्लॅबपासून चांगली वर बांधा, म्हणजे मधून वारा जाईल. सोलर पॅनलखालचा भागही याच कारणाने कमी तापतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडणं? भौतिकशास्त्राच्या दृष्टीने फार भारी, एक लिटर पाणी वाफ होताना अर्ध्या युनिटहून जास्त उष्णता घेऊन जातं. पण ज्या गल्लीत टँकर येतो तिथे हा सल्ला मी देणार नाही.

आता गोधडी, आणि इथे जागा महत्त्वाची. स्लॅबच्या वर घालायची की खाली? जमत असेल तर वर. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसच्या पाट्या (साध्या थर्माकोलपेक्षा घट्ट, पाणी न पिणाऱ्या), मग उताराचा काँक्रीटचा थर, मग पांढरी फरशी. असं केलं की तो २८ टनांचा दगड ऊनच पाहत नाही. उलट तो खोलीच्या बाजूचा होतो आणि रात्री गार झाला की सकाळभर गारवा धरून ठेवतो. तापणं-निवणं कमी झालं की तडे कमी, तडे कमी की गळती कमी. दोन इंचांच्या पाट्यांनी स्लॅबमधून येणारी उष्णता अंदाजे सहाव्या हिश्शावर येते. केंद्र सरकारची घरांसाठीची ईको निवास संहिता २०१८ सालची. तिच्यात छतासाठी जी कमाल मर्यादा आहे, १.२ यू-व्हॅल्यू, ती उघडा स्लॅब कधीच गाठत नाही. तो तीनच्या वरच असतो. यू-व्हॅल्यू म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॅट जातात तो आकडा. कमी तेवढा बरा. मात्र जुन्या इमारतीवर नवा थर चढवताना वजनाचं इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका.

खालून, म्हणजे पीओपी सीलिंगच्या वर फोम किंवा रॉकवूल घालणं सोपं पडतं. फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची असते तिथे दुसरा इलाजही नसतो. नुसतं पीओपी लावून फार होत नाही, त्याच्या वरची पोकळी भरली तर फरक पडतो.

कूलरवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण विदर्भात अजूनही बहुतेक घरं कूलरवरच आहेत. कूलर बाहेरची कोरडी हवा आत ढकलतो, त्यामुळे ती निघून जायला समोरची खिडकी उघडी लागते. "इन्सुलेशन केलंय, आता सगळं बंद" असं केलंत तर खोलीत नुसती चिकचिक. छताचं काम कूलरच्या घरातही तितकंच उपयोगी आहे, दारं-खिडक्या सील करण्याचा भाग तेवढा एसीवाल्यांसाठी. आणि रात्री बाहेर गार झालं की दोघांनीही खिडक्या उघडाव्यात. छताला गोधडी घातली की घरातली स्वतःची उष्णता, म्हणजे माणसं, फ्रिज, गॅस, हीसुद्धा वरून निघून जात नाही. तिला वाट हवी.

भिंतींबद्दल थोडक्यात. पश्चिमेची भिंत सगळ्यात त्रासदायक. झाड, छज्जा, बांबूची चटई, काहीही चालेल, पण बाहेरून. आतला पडदा ऊन आत आल्यावर त्याला भेटतो.

आता दुकानं, गोदामं आणि अभ्यासिका. हो, अभ्यासिका. तुमच्यापैकी कितीतरी जण तिसऱ्या मजल्यावर टिनाच्या शेडखाली बसून एमपीएससीची तयारी करताय, हे मला मेसेजमधून कळतं. टिनाचं गणित स्लॅबच्या उलट. त्यात साठवायला वजनच नाही, त्यामुळे ऊन आलं की काही मिनिटांत धग खाली. सूर्य गेला की तेवढ्याच लवकर शांत. इथे पांढरा रंग लगेच गुण देतो. नुसता चमकणारा पत्रा मात्र फसवा असतो. तो ऊन थोडं परतवतो, पण स्वतःची उष्णता बाहेर सोडायला फार कंजूस, म्हणून तापून राहतो. गंमत म्हणजे हाच कंजूसपणा खालच्या बाजूला कामी येतो. पत्र्याखाली चंदेरी फॉइल लावतात ना, ते याचसाठी: फॉइल तापलं तरी खाली धग कमी सोडतं. अट एकच, चमकती बाजू खाली आणि मध्ये हवेची पोकळी. पत्र्याला चिकटवून वर पीओपी दाबून बसवलं तर पैसे वाया. नवीन शेड बांधताय तर सरळ पफ पॅनल बघा, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम.

पण फोम आणि थर्माकोल पेटतात, आणि पेटले की विषारी धूर होतो. उघडा थर्माकोल सीलिंगला चिकटवून त्याच्याखाली वायरिंग आणि चाळीस मुलं, हे चित्र मला अजिबात बघवत नाही. झाकलेला असायला हवा, आणि गर्दीच्या जागी मी रॉकवूलच सुचवेन. ते जळत नाही. अभ्यासिकेची फी भरताना जसं वायफाय विचारता तसं सीलिंगमध्ये काय भरलंय तेही विचारा.

काचेच्या शोरूमवाल्यांची सहानुभूती मला कमीच आहे. पश्चिमेला पूर्ण काच लावायची आणि मग चार एसी. व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संहिता २००७ पासून आहे, २०१७ मध्ये सुधारली, तरी उंच काचेचा मोह सुटत नाही.

शेवटचा प्रश्न भाडेकरूंचा, आणि तो सगळ्यात अवघड. बिल तुम्ही भरता, छत घरमालकाचं. मालकाला उकाड्याचं सांगून उपयोग होत नाही, तो खालच्या मजल्यावर राहतो. गळतीचं सांगा. "काका, पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करायचंच आहे ना, मग वरचा थर पांढरा घ्या, तडे कमी जातील." हे खरंही आहे आणि त्यांच्या फायद्याचंही. तेही नाही जमलं तर दोन पोती चुना आणि एक रविवार. परवानगी तेवढी घ्या.

त्याआधी एक करून बघा. लेसरवाली थर्मामीटर गन कुणाकडे असेल तर रात्री नऊला सीलिंग मोजा, जमिनीजवळची भिंत मोजा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. चुना मारल्यावर तसाच कडक उन्हाचा दिवस बघून त्याच वेळी परत मोजा. गाव, मजला, स्लॅब की टिन, एवढं लिहून मला पाठवा. पुढच्या भागात तुमचेच आकडे वाचतो. आणि अकोल्याच्या भावा, तुझे सगळ्यात आधी.