आठ जीबी रॅम बसवली, दिसते सव्वातीनच. बाकीची जाते कुठे?

जुना कॉम्प्युटर रखडायला लागला की रॅम वाढवून घेतली जाते. आठ जीबी बसते, पैसे दिले जातात; पण स्क्रीनवर वापरण्यायोग्य मेमरी सव्वातीन जीबीच दिसते. मग दुकानदाराने फसवले, असा संशय येतो. प्रत्यक्षात अनेकदा रॅम चांगली असते, अडचण ऑपरेटिंग सिस्टीमची असते.

पत्तेच संपतात

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. म्हणजे बरोबर ४ जीबी. खतावणीची पानेच संपली तर नवे खाते उघडणार कुठे? त्यातली काही पाने ग्राफिक्स कार्डासारख्या भागांसाठी राखीव असतात. म्हणून चारही जीबी हाती येत नाहीत.

सेटिंगचाही अडसर

इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रो प्रोसेसरमध्ये ‘पीएई’ ही सोय दिली. तिच्यात ३६ बिटांचा पत्ता असल्याने ६४ जीबीपर्यंत मेमरी हाताळता येते. मात्र सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यासाठी तयार हवा. लिनक्सच्या ३२ बिट कर्नलमध्ये ‘हायमेम’ बंद असेल तर साधारण ८९६ एमबीच वापरात येते. ३२ बिट विंडोज १० ची मर्यादा ४ जीबी, तर विंडोज ७ स्टार्टरची फक्त २ जीबी.

पैसे देण्याआधी हे बघा

- विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे ‘सिस्टीम टाइप’ वाचा. सिस्टीम ३२ बिट पण प्रोसेसर ‘एक्स६४’ असेल, तर ६४ बिट विंडोज टाकता येते.
- सिस्टीम आधीच ६४ बिट असूनही मेमरी कमी दिसत असेल तर ‘एमएसकॉन्फिग’ उघडा. बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक असल्यास काढा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.
- मदरबोर्ड किती रॅम घेतो, तेही विचारून घ्या.

३२ वरून ६४ बिटवर जाताना विंडोज नव्याने टाकावी लागते. त्याआधी हिशोबाचा डेटा दुसरीकडे उतरवून ठेवा. प्रिंटरचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, ते पाहा. डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. हिशोब अजून अशा प्रोग्रॅमवर असेल, तर रॅमच्या खर्चाआधी त्याची सोय लावलेली बरी.