रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे

कार्यात्मक पचनविकार म्हणजे पोटाचे असे आजार, ज्यांत आतडे दिसायला धडधाकट असते, पण नीट चालत नाही. पोटात मुरडा, फुगारा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असे चक्र चालवणारा आयबीएस हा त्यांतला सर्वांत परिचित. दोन घासांत पोट भरणे, जेवणानंतर वरच्या पोटात जडपणा किंवा जळजळ, हा फंक्शनल डिस्पेप्सिया. वाशीम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत ही नावे क्वचितच ऐकू येतात. ‘गॅसेसचा त्रास’, ‘पोट साफ होत नाही’, ‘खाल्लेले अंगी लागत नाही’ अशा तक्रारींच्या रूपाने हेच आजार घरोघरी असतात. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीच्या कृतिगटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशभरातील ४,५०० सर्वसामान्य लोकांपैकी ४.२ टक्क्यांना आयबीएस आढळला, म्हणजे साधारण चोवीस माणसांमागे एक. २०१६ च्या ‘रोम-४’ निकषांनी या आजारांना ‘आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधातील विकार’ असे नाव दिले. त्या नावातला ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक गैरसमज तिथेच जन्म घेतात.

गैरसमज: रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे काही झालेले नाही, सगळे मनाचे खेळ आहेत.

हे वाक्य दवाखान्यात, मेडिकलच्या दुकानात, घरच्या ओसरीवर, सगळीकडे ऐकू येते. ते ज्याला ऐकवले जाते त्याच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात दोन सोनोग्राफी, एक एन्डोस्कोपी, रक्ताचे आणि संडासाचे रिपोर्ट, वाशीमच्या चिठ्ठ्या, अकोल्याच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’. खरे तर हा शब्द दिलासा देणारा. घरी मात्र तो ‘नाटक’ या अर्थाने पोचतो. मग सून कामचुकार ठरते, कॉलेजातला मुलगा अभ्यास टाळणारा ठरतो आणि शेतकरी ‘उगाच टेन्शन घेणारा’.

वस्तुस्थिती: एन्डोस्कोपीत अन्नमार्गाचे अस्तर दिसते; सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड यांचा आकार, गाठ, खडा दिसतो. आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता या दोन्हींत दिसत नाही. विहिरीवरचा पंप चांगला, पाइप शाबूत, केबलही धड. पण व्होल्टेज जरा हलले की स्टार्टर ट्रिप होतो. अशा वेळी पाइप तपासून ‘बिघाड नाही’ म्हणणारा मेकॅनिक कोणीही दुसऱ्यांदा बोलावत नाही. पोटाच्या बाबतीत मात्र तोच निष्कर्ष वर्षानुवर्षे चालतो.

ही संवेदनशीलता मोजता येते, आणि ती अर्ध्या शतकापूर्वीच मोजली गेली आहे. १९७३ मध्ये रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात लहानसा फुगा सरकवून तो हळूहळू फुगवला. ६० मिलिलिटरला, म्हणजे अर्ध्या कप चहापेक्षाही कमी आकारमानाला, आयबीएसच्या ५५ टक्के रुग्णांना वेदना झाली. इतरांपैकी फक्त ६ टक्क्यांना. फुगा तोच, दाब देण्याची रीत तीच. ज्यांना दुखले त्यांनी ते कल्पनेने रचले नव्हते.

दुसरा पुरावा पाण्याचा आहे. २००० च्या मे महिन्यात कॅनडातील वॉकरटन गावाच्या नळाच्या पाण्यात जिवाणू मिसळले आणि गावभर जुलाब-उलट्यांची साथ पसरली. पुढील दोन-तीन वर्षांत संशोधकांनी तिथल्या लोकांची तपासणी केली. साथीत ज्यांना जुलाब झाल्याचे वैद्यकीयदृष्ट्या मानले गेले, त्यांच्यापैकी ३६.२ टक्क्यांना आयबीएस झाला होता. ज्यांना जुलाब झाले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण १०.१ टक्के होते. जंतू गेले, ताप गेला, संडासाचा रिपोर्ट स्वच्छ झाला, आतड्याचा हळवेपणा मात्र राहिला. पावसाळ्यात गढूळ पाणी पिऊन हगवण लागलेल्या आणि त्यानंतर ‘पोट पहिल्यासारखे राहिलेच नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणे म्हणूनच झटकून टाकण्याजोगे नसते.

राहिला प्रश्न मनाचा. मनाचा यात संबंध नाही, असे म्हणणे ही उलट बाजूची तितकीच मोठी चूक. २०१९ च्या एका व्यापक आढाव्यानुसार आयबीएसच्या ३९ टक्के रुग्णांमध्ये चिंतेची आणि २९ टक्के रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळतात. पण आधी काय येते? ऑस्ट्रेलियात कोलोस्की आणि सहकाऱ्यांनी लोकांचा पाठपुरावा करून २०१६ मध्ये जे मांडले, ते ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी मुद्दाम वाचावे. ज्यांना पोटाचा आणि मनाचा असे दोन्ही त्रास झाले, त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश लोकांत मनाचा त्रास आधी होता. दोन तृतीयांश लोकांत पोटाचा. मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात, हे लक्षात घेतले तर यात नवल उरत नाही.

हे चक्र रोजच्या जगण्यात कसे फिरते, ते मानोऱ्याहून वाशीमला एसटीने जायचे ठरले की कळते. वाटेत कळ आली तर काय, या धास्तीने माणूस सकाळचा चहा सोडतो, आदल्या रात्रीचे जेवण सोडतो. फाटा येईपर्यंत सगळे लक्ष पोटाकडे. घाबरलेला मेंदू मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतो आणि वेदनेचा आवाज मोठा करतो. मग कळ खरोखरच येते. पुढच्या वेळी माणूस प्रवासच टाळतो, नंतर लग्नाची पंगत, नंतर बाजार. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात कालवते, हे मराठी माणूस सहज बोलतो. तेच एखाद्याच्या पोटात वर्षभर चालले, की त्याला ढोंगी म्हणतो.

याचा गंभीर शेवट वर्तमानपत्रांत दिसतो. ‘पोटदुखीला कंटाळून’ हे शब्द आत्महत्येच्या बातम्यांत इतके रुळले आहेत की ते कोणाला थांबवत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १८.४ टक्के आत्महत्यांचे कारण ‘आजारपण’ असे नोंदले आहे. कागदावर पोटाचे दुखणे लागते आणि मनाची चौकशी तिथेच संपते. वर्षानुवर्षे पोट दुखणाऱ्या माणसाला झोप, भूक, उमेद यांविषयी आणि ‘जगावेसे वाटते ना’ असे सरळ विचारणे हा उपचाराचा भाग आहे. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात भरत नाही.

उपचारांतही हाच गैरसमज आडवा येतो. डॉक्टर रात्री घ्यायला ॲमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. कोणीतरी सांगते, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’, आणि पाकीट फडताळात पडून राहते. ब्रिटनमधील ४६३ रुग्णांवरचा ‘अटलांटिस’ हा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेने सहा महिन्यांत आयबीएसची लक्षणे रिकाम्या गोळीपेक्षा अधिक कमी झाली. चिंता व नैराश्याच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे एवढ्या कमी मात्रेत हे औषध आतडे-मेंदूच्या वेदनामार्गावर काम करते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करायचे आणि सल्ल्यानेच थांबवायचे. आयबीएससाठी आखलेले समुपदेशनही लक्षणे कमी करते. ते सुचवले, म्हणजे डॉक्टरांनी वेदना खोटी ठरवली असे होत नाही.

किरकोळ गैरसमज

गॅस डोक्यात चढतो: पोटातला वायू तोंडाने किंवा गुदद्वाराने बाहेर पडतो, थोडा रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे जातो. डोक्याकडे त्याची वाट नाही. पोट फुगणे आणि डोके दुखणे एकाच माणसात वारंवार आढळते, एवढेच.

चिकट पडते, म्हणजे जुनी आव: आयबीएसमध्येही आतड्याचा श्लेष्मा पडतो. तपासणीत जंतू न सापडता दर दोन महिन्यांनी आवेच्या गोळ्यांचा कोर्स घेणे निरर्थक आहे.

बेंबी सरकली: बेंबी हा नाळ तुटल्याचा वण आहे. तो सरकत नाही, आणि चोळून जागेवरही येत नाही.

रोज सकाळी पोट साफ व्हायलाच हवे: दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, ही सर्व मर्यादा सामान्य.

शरीरातले ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात, म्हणजे आनंद पोटात तयार होतो: आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही.

कांदा, लसूण, गहू, डाळी कायमच्या सोडाव्यात: हे पदार्थ काही आठवडे कमी करून एकेक परत सुरू करायचे असतात. जन्मभराच्या पथ्याने कुपोषण आणि धास्ती, दोन्ही वाढतात.

आयबीएसचा पुढे कॅन्सर होतो: होत नाही. मात्र संडासातून रक्त, विनाकारण वजन घटणे, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास किंवा घराण्यात आतड्याचा कॅन्सर असेल, तर आयबीएस गृहीत न धरता तपासणी आधी.

मदत कुठे मिळते

विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात वाशीमचा समावेश आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. तिथे बोलायला ‘मनाचा आजार’ ठरलेला असावा लागत नाही; पोटाच्या त्रासाने झोप उडाली आहे, एवढे सांगणेही पुरते.

पिशवीतल्या त्या कागदांचा अर्थ मर्यादित आहे: जिथे पाहिले तिथे अल्सर, खडा किंवा गाठ सापडली नाही. ‘त्रास नाही’ असे त्यांपैकी एकाही कागदावर लिहिलेले नसते.