घर हेही कामाचे ठिकाण : आखातातील घरकामगार स्त्रिया आणि मालकाची जबाबदारी

हैदराबादच्या जुन्या शहरात ‘खद्दामा’ या अरबी शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. आखाती देशांत घरकामासाठी गेलेल्या बाईला हा शब्द लावला जातो. हैदराबादेतून, कडप्पा व गोदावरी जिल्ह्यांतून आणि गोव्यातूनही अशा स्त्रिया कित्येक वर्षे कुवेत, सौदी अरेबिया, ओमान येथे जात आल्या आहेत. त्यांच्या पैशांवर बहिणींची लग्ने झाली, घरांवर स्लॅब पडले, मुले कॉलेजात आली. काहींच्या वाट्याला मात्र थकलेला पगार, उपासमार आणि मारहाण आली. हा फरक केवळ नशिबाचा किंवा मालकाच्या स्वभावाचा मानला जातो. वस्तुतः त्यामागे एक व्यवस्था आहे आणि ती समजून घेणे आवश्यक आहे.

कफाला म्हणजे काय?

कफाला पद्धतीत परदेशी कामगाराचा निवास परवाना एका विशिष्ट मालकाशी, म्हणजे ‘कफील’शी, जोडलेला असतो. दुकानात किंवा कारखान्यात काम करणाऱ्याला निदान सर्वसाधारण कामगार कायद्याचा आधार असतो. घरकामगारांना मात्र बहुतेक आखाती देशांनी या कायद्यातून वगळले होते. घर हे कुटुंबाचे खाजगी स्थान. तेथे निरीक्षक कसा जाणार, हा त्यामागचा युक्तिवाद.

छळ असह्य होऊन बाई घराबाहेर पडली, तर मालक ती पळून गेल्याची नोंद करू शकतो. सौदी अरेबियात या नोंदीला ‘हुरूब’ म्हणतात. अशी नोंद झाली की तिचे वास्तव्य बेकायदा ठरते. तक्रार करायला निघालेली बाई स्वतःच आरोपी होते. मालक चांगला असला तर हे कधी जाणवत नाही. तो वाईट निघाला तर सुटकेची वाट उरत नाही.

पैशाचा हिशेब

व्हिसा, तिकीट आणि एजन्सीची रक्कम मालक एकदम भरतो. बाई दोन-तीन महिन्यांत निघून गेली तर हे पैसे बुडतील, अशी त्याला धास्ती असते. त्यामुळे तो पासपोर्ट कपाटात ठेवतो, मोबाईल काढून घेतो, सुट्टीच्या दिवशी बाहेर जाऊ देत नाही. एरवी सज्जन असलेल्या मालकालाही यात काही गैर वाटत नाही. तो याला ‘काळजी’ म्हणतो. पण दिलेली रक्कम ही एजन्सीच्या सेवेची किंमत आहे, त्या बाईची नव्हे. हा भेद पुसला गेला की नोकरीचे रूपांतर बंदिवासात होते. दुसरीकडे तिनेही गावच्या दलालाला कर्ज काढून पैसे दिलेले असतात. म्हणून परत येण्याची तिलाही भीती वाटते.

कायदे झाले, पण दाराबाहेर

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांविषयीचा करार क्र. 189 संमत केला. घरकाम हे इतर कामांसारखेच काम आहे, हे त्याचे मूळ सूत्र. कुवेतने 2015 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, साप्ताहिक सुट्टी, पगारी वार्षिक रजा आणि नोकरीच्या शेवटी दरवर्षासाठी एक महिन्याचा पगार या तरतुदी आहेत. 2016 मध्ये तेथे किमान वेतन 60 दिनार ठरले. कतारने 2017 च्या कायद्याने कामाची मर्यादा 10 तास केली आणि 2021 पासून 1000 रियालचे किमान वेतन घरकामगारांनाही लागू केले.

मात्र कुवेतच्या कायद्यात कामगाराची संमती असल्यास पासपोर्ट मालकाकडे राहू शकतो. ज्या घरात राहायचे त्याच घराच्या मालकाला ‘नाही’ म्हणणे किती जणींना शक्य आहे? शिवाय तास मोजणारा आत कोणी नसतो. कायदा उंबरठ्यावर थांबतो तो असा.

निघण्यापूर्वीची तपासणी

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना भारत सरकारची उत्प्रवास मंजुरी लागते. अशा पासपोर्टवर घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान 30 असावे, असा नियम आहे. हेतू संरक्षणाचा, पण दलालांनी त्यातून पळवाट काढली. तरुण मुलींना ते भेटीच्या व्हिसावर पाठवतात आणि नोकरी तेथे गेल्यावर लावतात. अशा मुलीचा करार ‘ई-मायग्रेट’ प्रणालीत नोंदलेला नसतो, प्रवासी भारतीय विमा योजनेचे संरक्षण नसते आणि दूतावासाकडे तिच्या मालकाचे नावही नसते.

शिक्षकांची भूमिका येथे येते. वर्गातल्या एखाद्या विद्यार्थ्याची आई किंवा बहीण निघण्याच्या तयारीत असते. व्हिसा नोकरीचा आहे की भेटीचा, करारावर पगार व सुट्टी लिहिली आहे काय, पासपोर्ट आणि कराराची प्रत घरी ठेवली आहे काय, एवढे तीन प्रश्न त्या विद्यार्थ्याने घरी विचारले तरी पुष्कळ काही टळू शकते.

आपल्या घरातला मालक

आखातातील मालकांना बोल लावताना एक गोष्ट विसरता येत नाही. करार क्र. 189 ला भारतानेही मान्यता दिलेली नाही. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट सुचवणारी समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले, यावरूनच येथील उणीव स्पष्ट होते. पणजी, इंदूर किंवा वडोदऱ्यातील सुशिक्षित कुटुंबातही झारखंड-ओडिशाकडून आलेली मुलगी राहून काम करते. तिच्या कामाचे तास ठरलेले असतात काय? आठवड्याची सुट्टी, वेळेवर पगार, झोपायला आतून कडी लागणारी खोली, घरी फोन करण्याची मुभा आणि स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ, या पाच गोष्टी तिला मिळतात काय?

रियाधमध्ये आपल्या बहिणीसाठी जे मागायचे, ते आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या बहिणीला देणे, येथूनच या प्रश्नाची सुरुवात होते.