पेन्शनराचा आठवडा

निवृत्त झालेल्या गृहस्थाविषयीं लोकांचा असा समज असतो कीं, त्याला आतां सातहि दिवस रविवारच. वास्तविक रविवाराला गोडी येते ती आधींच्या सहा दिवसांच्या कामामुळें. ते सहा दिवसच नाहींसे झाले म्हणजे सातवाहि बेचव होतो. म्हणून निवृत्तीनंतरचा खरा प्रश्न वेळ कसा घालवावा हा नसून, मोडलेला आठवडा पुन्हां कसा उभारावा, हा आहे. मोठ्या शहरांत व्याख्यानमाला, नाट्यगृहें आणि बागा या कामीं साह्य करतात. जालना जिल्ह्यांतील जाफराबादसारख्या तालुक्याच्या गांवीं हें कसें साधतें, तें पाहण्यासारखें आहे.

जाफराबाद हें केळना व पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेलें जुनें गांव. ही पूर्णा म्हणजे वऱ्हाडांतून वाहत जाऊन तापीस मिळणारी पूर्णा नव्हे. ही अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि परभणीच्या बाजूस जाऊन गोदावरीस मिळते. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद जिल्ह्यांतून जालना हा स्वतंत्र जिल्हा निघाला व जाफराबाद त्यांत आलें. गांवाला रेल्वे नाहीं; दळणवळण सारें सडकेचें. पंचाहत्तरी उलटलेल्यांस २६ ऑगस्ट १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २६ ऑगस्ट २०२२ पासून, एस. टी.चा प्रवास मोफत झाला आहे आणि पासष्टीपुढील मंडळींस निम्मे भाडें पडतें. म्हाताऱ्या माणसाच्या पायांना एवढ्यानेंहि पुष्कळ बळ येतें.

पेन्शनराच्या आठवड्याचा पहिला खांब म्हणजे बँकेची फेरी. महिन्याच्या आरंभीं वेतन जमा झालें कीं नाहीं तें पाहावयाचें, पुस्तकावर नोंद करून घ्यावयाची, आणि बांकावर बसून चार समवयस्कांची विचारपूस करावयाची. नोव्हेंबर आला म्हणजे या फेरीला गंभीर रूप येतें. त्या महिन्यांत प्रत्येक पेन्शनरास आपण जिवंत असल्याचें सिद्ध करावें लागतें. हयातीच्या दाखल्याचें पुष्कळांस हसूं येतें. पण त्यामागील कारण सरळ आहे. निवृत्तिवेतन हें माणसाच्या आयुष्यापुरतें असतें, आणि खजिना दूर असल्यामुळें कोण हयात आहे हें त्याला आपोआप कळत नाहीं. बँकेंतील यादींत आपल्या नांवापुढें समक्ष सही करणें, हा त्याचा जुना मार्ग. १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही आधारवर चालणारी दुसरी वाट निघाली. तींत बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळें यंत्रावर दाखवावीं लागतात. २०२१ पासून मोबाईलपुढें चेहरा धरूनहि काम होऊं लागलें.

येथेंच खेड्यांतील अडचण उभी राहते. ज्या बाईचें सारें आयुष्य भांडीं घांसण्यांत, निंदणी-खुरपणींत गेलें, तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात व यंत्र तिला ओळखत नाहीं. पति गेल्यावर कुटुंबनिवृत्तिवेतनावर जगणाऱ्या अशा विधवेनें दोनदां खेप घातली, ठसा उमटला नाहीं आणि ती निराश होऊन घरीं बसली, तर दाखल्यावांचून तिचें वेतन थांबतें. तें कायमचें बुडालें अशा समजुतीनें ती कोणाला विचारीतहि नाहीं. वास्तविक तें बुडत नाहीं. दाखला पोंचल्यावर मागील बाकीसह पुन्हां सुरू होतें. ठसा उमटत नसेल तर चेहऱ्याचा मार्ग आहे, आणि समक्ष सहीचा अथवा अंगठ्याचाहि आहे. एवढें सांगण्यास कोणी लिहितावाचता शेजारी हवा असतो. ज्यानें तीस वर्षें मुलांना अक्षरें गिरवावयास लाविलीं, त्या निवृत्त शिक्षकाहून या कामास अधिक योग्य कोण? आठवड्यांतील एक सकाळ त्यानें अशा अर्जांकरितां राखून ठेविली, तर कोणाच्या तरी चुलीचा प्रश्न सुटतो. हल्लीं त्यानें आणखी एक गोष्ट बजावून सांगावी : हयातीच्या दाखल्याचें निमित्त करून फोनवर ओटीपी मागणारा मनुष्य बँकेचा नसतो, चोर असतो.

दुसरा खांब आठवडी बाजाराचा. पिशवी घेऊन मेथीची जुडी निवडणें, ज्वारीचा भाव विचारणें, बी-बियाण्याच्या गोष्टी ऐकणें, हें केवळ खरेदीचें काम नव्हे. शेतकऱ्याचें वर्ष कसें चाललें आहे, हें वर्तमानपत्राच्या आधीं बाजारांत कळतें.

तिसरा खांब वाचनाचा व श्रवणाचा. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रांत १९६७ सालीं झाला, आणि त्यामुळें लहान गांवांतील वाचनालयांनाहि सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. परंतु वाचनालय अनुदानानें उघडें राहतें. जिवंत राहतें तें वाचकांनीं. श्रवणाची सोय तर मराठवाड्यांत ठायीं ठायीं आहे. अखंड हरिनाम सप्ताह बसला म्हणजे पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचें पारायण, दुपारीं गाथ्यावरील भजन, सायंकाळीं हरिपाठ व रात्रीं कीर्तन, असा सात दिवसांचा क्रम चालतो आणि काल्याच्या कीर्तनानें त्याची समाप्ति होते. तेथें वृद्धास कोणी 'आतां तुमचें काय काम?' असें विचारीत नाहीं. उलट पारायणास पुढें बसवितात.

महिन्यांतून एखादा दिवस शेजारच्या भोकरदनास द्यावा. हें प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील दात्यांची नांवें कोरलेलीं आहेत. १९७३ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वस्तूंबरोबर हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सांपडला. इटलींतील पाँपेई या नगरांत १९३८ सालीं सांपडलेल्या भारतीय मूर्तीशीं त्याचें निकटचें साम्य आहे. पाँपेई तर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं या बाजूच्या कारागिरीचें नातें थेट रोमपर्यंत जाऊन पोंचलें होतें. नातवाचें बोट धरून ही कथा सांगत त्या पांढरीवरून फिरावें. आजोबा आणि नातू या दोघांचीहि ती उत्तम शाळा होय.

शहरांत स्थायिक झालेला मुलगा पुष्कळदां प्रेमानें म्हणतो, "बाबा, तुम्ही कशाला दगदग करतां? सारें मोबाईलवरून होतें." तें खरेंहि आहे, आणि आजारपणांत तर तें वरदानच ठरतें. परंतु पाय चालत आहेत तोंवर बँक, बाजार, वाचनालय व कीर्तन या चार फेऱ्या वृद्धाच्या हातून काढून घेऊं नयेत. सरकारला हयातीचा दाखला वर्षांतून एकदां पुरतो. गांवाला व स्वतःच्या मनाला तो दर आठवड्यास द्यावा लागतो.