एक्स्चेंजला परदेशी जाताय? तिकिटाआधी हा कागद बघा

एक सेमिस्टर युरोपात शिकायचं आणि तिथली ट्यूशन फी भरायची नाही, हे खरंच होतं. १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत हेच चालतं आणि आता भारतातले विद्यार्थीही त्यात जातात. अट एकच, आपल्या विद्यापीठाचा तिथल्या विद्यापीठाशी करार हवा. पदवी मात्र आपल्याच विद्यापीठाची मिळते.

आणि गोची इथंच आहे. तिकडे पास झालेले विषय इकडे धरले नाहीत तर? परत येऊन तेच पेपर पुन्हा द्यायचे.

त्यासाठी असतं लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिथं कोणते विषय घेणार आणि त्याबदल्यात इथले कोणते सुटणार, हे त्यात लिहिलेलं असतं. सह्या तिघांच्या: तुमची, आपल्या विद्यापीठाची आणि तिथल्या विद्यापीठाची. युरोपात सेमिस्टर ३० क्रेडिटचं धरतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात लेक्चर आलं, घरचा अभ्यासही आला.

खरा घोळ पोचल्यावर होतो. ठरवलेला विषय फुल झालेला असतो, नाहीतर तो जर्मनमध्ये शिकवतात. मग पोरं दुसरा विषय घेतात आणि कागद बदलायचा विसरतात. अ‍ॅग्रीमेंटमध्ये बदलासाठी वेगळा भाग असतो. तो भरा, तिन्ही सह्या पुन्हा घ्या. ‘सरांना फोनवर सांगितलंय’ याला परीक्षा विभागात कोणी विचारत नाही.

घरभाडं, जेवण आणि विम्याचं गणित वेगळं. स्कॉलरशिप मिळाली तरी पहिल्या महिन्याचे पैसे हाताशी ठेवा.